पळी घेतलीस तर समुद्र ओलांडशील

“हवालदार जाधव! दाल जल रही है और आप मूली छील रहे हैं?”

आमच्या सुभेदार मेजर साहेबांचा आवाज असा, की त्यांनी लखनौच्या छावणीत हाक मारली तर निशातगंजच्या बाजारात भाजीवाले तराजू खाली ठेवत. आणि मी मुळा सोलत नव्हतो. मुळ्याचा हंस कोरत होतो. मान झाली होती, एक पंख झाला होता, दुसऱ्या पंखाची पिसं चालू होती. तेवढ्यात नाकात तो वास शिरला. वीस-बावीस वर्षं चुलीपुढे उभं राहिलेल्या माणसाला तो वास काय आहे हे सांगावं लागत नाही. डाळ लागली होती. तीही घरातली वाटीभर नव्हे, पन्नास जवानांची. बुडाला बोटभर जाड कोळसा धरला होता. मी धावलो, पळी घातली, तर पळी रोवल्यासारखी उभीच राहिली.

मैदानाच्या त्या टोकाला खुर्चीवर एक कर्नल साहेब बसले होते. मी परदेशात जाणार की नाही, हे त्यांच्या जिभेवर ठरायचं होतं. ते उठून आले. डाळीकडे बघितलं. मग हंस मानेला धरून उचलला, उन्हात फिरवून पाहिला आणि विचारलं, “हवालदार साहब, इसे खाना है या उड़ाना है?”

ज्या माणसाने ब्रिगेडियरांना बोलण्यात गुंडाळून जळका केक खपवलाय, तो नुसती रुतलेली पळी ओढत राहिला. कारण माझ्या डोळ्यांदेखत नुसती डाळ जळत नव्हती. मी अठराव्या वर्षी जो जुगार खेळलो होतो, तो सबंध जळत होता.

तो जुगार काय होता ते आधी सांगतो.

मी तासगावचा. बारावी सायन्स, गणितात पंच्याहत्तर. भरतीला गेलो तेव्हा धावण्यात असा पळालो, की मागचे लोक धुळीमुळे मला ओळखू शकले नाहीत. टेक्निकलला जागा होती, क्लार्कला होती. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांनी डेपोभर सांगून ठेवलं होतं की पोरगा रडार चालवणार. आणि मी अर्जात काय भरलं? कुक. सैन्यात आता त्याला ‘शेफ’ म्हणतात, पण कांदे तेवढेच चिरावे लागतात.

वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी अर्ज दोनदा वाचला. मग आईला म्हणाले, “अगं, याला ताप आहे का बघ.”

ताप नव्हता, बाबू आबा होते. बाबू आबा आमच्या गल्लीतले फौजेतून रिटायर झालेले कुक. त्यांच्या बैठकीत एक फोटो होता: मागे बर्फाचे डोंगर, पुढे लोखंडी पूल, पुलाच्या कठड्यावर राक्षसाच्या तोंडाचा पितळी मुखवटा, त्याचं एक शिंग मोडलेलं, आणि त्याच्याशेजारी ओव्हरकोटातले आबा. “परदेशातला आहे,” एवढंच ते म्हणत आणि डोळे मिटून घेत. मला म्हणाले, “बंदूक घेतलीस तर सरहद्द बघशील. पळी घेतलीस तर समुद्र ओलांडशील. आपले साहेब लोक वकिलातीत जातात, त्यांना जेवायला कोण घालणार? तिथली माणसं? अरे, उपाशी मरतील.”

मला पटलं. अठराव्या वर्षी माणसाला काहीही पटतं.

ज्यांनी फौज फक्त सव्वीस जानेवारीला टीव्हीवर बघितली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फौजेत स्वयंपाकघरं दोन प्रकारची. एक लंगर, म्हणजे जवानांचं. तिथे पातेल्यात म्हैस आंघोळ करील, तवा बैलगाडीच्या चाकाएवढा, आणि पळी म्हणजे नावेचं वल्हं. दुसरं ऑफिसर्स मेसचं. तिथे सूप, पुडिंग, नॅपकिनचे मोर. माझं गणित सरळ होतं. वकिलातीत जायचं तर साहेबांच्या नजरेत भरायचं, म्हणजे मेसमध्ये शिरायचं. लंगरात राहिलो तर डाळ-रोटीत जन्म जाईल. शिकाऊ काळ संपल्यावर दीड वर्ष लंगरात काढलं आणि खटपटी करून मेसमध्ये घुसलो तो परत मागे वळून बघितलं नाही. सूप एकशे चाळीस प्रकारचे शिकलो. बरं, चाळीस धरा. कॅरॅमल कस्टर्ड असं करायचो, की ते प्लेटमध्ये ठेवल्यावर बँडच्या तालावर हलायचं.

नऊ वर्षं गेली. बदल्या झाल्या त्या जैसलमेर, जोरहाट, बरेली. समुद्र राहू दे, मोठं तळंसुद्धा ओलांडलं नाही. मग उत्तर सिक्कीम. एके दिवशी दूध पावडरचं पोतं खांद्यावर घेऊन एका नदीवरचा पूल ओलांडत होतो. दम खायला कठड्याला हात टेकला तर हाताला काहीतरी टोचलं. बघतो तर पितळी राक्षस. एक शिंग मोडलेलं. मागे वळलो. बर्फाचे डोंगर, अगदी फोटोतल्याच क्रमाने.

मी पोत्यावरच बसलो. बर्फात मला घाम फुटला. माझ्या मागून येणारा जवान घाबरून म्हणाला, “उस्ताद, दिल का दौरा?” म्हटलं, “नहीं भाई, दिल का नहीं.”

सुट्टीत गेल्यावर घरी बॅगही न ठेवता आबांकडे गेलो. “आबा, तो पूल सिक्कीमचा आहे!”

आबा चहा बशीत ओतत होते. म्हणाले, “मग? तासगावहून परदेशच की.”

आता कुणीही शहाणा माणूस तिथे थांबला असता. पण नऊ वर्षं एखादी चूक पोसली की तिला चूक म्हणवत नाही. मी दुप्पट जोराने सूप करू लागलो.

सूचना मिळाल्या नाहीत असं नाही. लखनौला बदली झाली तेव्हा मेसमध्ये एकदा बाहेरच्या देशाचे काही पाहुणे अधिकारी जेवायला आले. मी अकरा पदार्थ केले. लिंबाचा सूफ्ले असा फुगला होता, की वेटर त्याला दोरी बांधू का विचारत होता. त्यातले एक दांडगे पाहुणे उठले, हात धुवायचं निमित्त करून मागे आले आणि आमचे वेटर उभ्या-उभ्या जी डाळ-रोटी खात होते तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, हे द्या. तीन वाट्या प्यायले. मी मनात म्हटलं, बिचाऱ्याचं पोट बिघडलं असेल. अक्कल दारावर येऊन थाप मारते आणि आपण आतून कडी नीट लागली आहे ना ते बघतो.

मग माझ्या नोकरीची शेवटची तीन वर्षं उरली असताना बातमी आली. शांतिसेनेची एक तुकडी आफ्रिकेत जाणार होती. आमच्या युनिटने तिला एक कुक द्यायचा होता. एकच. दोन नावं पाठवा, तुकडीचे कर्नल साहेब स्वतः येऊन परीक्षा घेतील.

पहिलं नाव माझं. दुसरं नाव घालायचं म्हणून लंगरातल्या नाईक रामसजीवनचं घातलं. रामसजीवन बख्शी का तालाबच्या पलीकडच्या गावचा. पस्तिशीचा, सडपातळ, दिवसाला सात-आठ वाक्यं बोलणारा. त्याला लखनौ पोस्टिंग म्हणजे स्वर्ग. दर रविवारी सायकलवर घरी, म्हशीला पाणी, संध्याकाळी परत. नाव गेल्याचं कळलं तेव्हा तो माझ्याकडेच आला. “उस्ताद, हमका नहीं जाना. आप ही जाइए.”

“अरे, तू बस खड़ा रह,” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “गिनती पूरी करने के लिए. जाना तो मेरा पक्का है.”

पक्कंच होतं. मी गोमती नगरच्या मॉलमधून चाकाची बॅग आणली. लखनौतल्या मराठी मंडळात मकरसंक्रांतीला तिळगूळ वाटताना प्रत्येकाला दोनदा सांगितलं. रेल्वेतले इंजिनिअर कुलकर्णी म्हणाले, “वा, मग आता भेट वर्षभराने!” आमची लेक ऋतुजा, जिला मराठी समजतं पण उत्तर हिंदीत येतं, ती मैत्रिणींना फोनवर सांगत होती, “पापा यूएन में जा रहे हैं, यार. हाँ, वही वाला यूएन.” त्या पोरीच्या आवाजातला तो रुबाब ऐकला आणि मला वाटलं, बाबू आबा, माफ केलं तुम्हाला.

एकच माणूस बेसूर होतं. मंगल, आमची सौ. मी रात्रीच्या जेवणाला तिला मेनू वाचून दाखवला: मश्रूम सूप, हर्ब राइस, भाजलेल्या भाज्या, कस्टर्ड. शिवाय सजावटीला हंस. पार्सली घरच्या कुंडीतली. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, “अहो, पण तिकडे जेवणार कोण आहे?”

“कोण म्हणजे? परदेश आहे तो!”

“परदेश जेवत नसतो. माणसं जेवतात. आपलीच पोरं ना ती? वर्षभर घरापासून लांब?”

“तुला त्यातलं कळत नाही,” मी म्हणालो. माझ्या आयुष्यात मी जी खोटी वाक्यं बोललो, त्यांत याचा नंबर फार वरचा आहे.

परीक्षेच्या दिवशी मैदानात पोहोचलो आणि पहिला धक्का बसला. ओटा नाही, गॅस नाही. दोन डिझेलच्या भट्ट्या. ही भट्टी पेटली की विमान उडणार असं वाटतं; ज्वाळेला एकच रीत माहीत, भडकायची. बाजूला खोकी. त्यांत वाळवलेला कांदा, डब्यातला टोमॅटो, दूध पावडर, मसूर, तांदूळ, बटाटे, मुळे. कोथिंबीर नाही, हिरवी मिरची नाही. कर्नल साहेब म्हणाले, “वहाँ यही मिलेगा. पचास-पचास आदमी का खाना, दोनों अलग-अलग. दाल, चावल, एक सब्ज़ी. ढाई घंटे.”

दाल. मी खिशातली पार्सली चाचपली. मेनूचा कागद दुसऱ्या खिशात होता, तो तसाच चुरगळला.

डाळ म्हणजे काय मोठंसं, मी स्वतःला म्हटलं. पण पन्नास माणसांची डाळ मी शेवटची कधी केली होती? सतरा वर्षांपूर्वी. मेसमध्ये गॅस मंद करायला मला बटण होतं. इथे बटणच नाही. शेजारी रामसजीवन दोन विटा शोधून आणत होता. भट्टीच्या कडेवर विटा ठेवून त्याने पातेलं वीतभर उंचावर चढवलं.

“घर बाँध रहा है क्या रे?” मी हसलो.

“आग को दूर रखना पड़ता है, उस्ताद,” तो म्हणाला आणि पाण्यात चमचाभर तेल टाकून वल्हं हातात घेऊन उभा राहिला. तासभर ढवळतच उभा. मला त्याची कीव आली. मी भात लावला, बटाटे मार्गी लावले, डाळ थेट ज्वाळेवर ठेवली आणि हाताला काम हवं म्हणून मुळा घेतला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण पुरतं माहीत नाही. कारण कर्नल साहेब हंस ठेवून पुढे गेल्यावर मी हार मानली नाही. वरवरची डाळ दुसऱ्या पातेल्यात उपसली, दूध पावडर कालवून ओतली, वर पार्सली पेरली. साहेब चमचा घेऊन आले. “यह क्या है?”

“साहब, स्मोक्ड लेंटिल सूप!”

देवाशपथ सांगतो, मी असं म्हणालो. सुभेदार मेजर साहेबांनी डोळे मिटून घेतले. कर्नलांनी एक चमचा चाखला आणि चमचा पातेल्याच्या कडेला ठेवला. मग जवान पंगतीला बसले. रामसजीवनच्या बाजूला आवाज नव्हता. वाळक्या कांद्याचा काळपट तडका, हिंग, लाल मिरची. कोथिंबिरीची कुणाला आठवणही झाली नाही. लोक फक्त मान खाली घालून जेवत होते, आणि स्वयंपाक्याला विचारा, त्या शांततेसारखं दुसरं बक्षीस नाही. माझ्या बाजूला एक गढवाली पोरगा वाटीत चमचा फिरवत बसला होता. शेवटी अगदी नम्रपणे म्हणाला, “साब, सूप तो ठीक है. दाल कब मिलेगी?”

कर्नल साहेब रामसजीवनच्या पंगतीत जाऊन उभ्या-उभ्या तीनदा डाळ-भात घेऊन जेवले. निकाल ऐकायची गरजच नव्हती.

त्या संध्याकाळी मी घरी गेलो नाही. छावणीच्या मैदानाला फेऱ्या मारत राहिलो. मला जो धक्का बसला होता तो हरण्याचा नव्हता. धक्का हा होता, की परदेशी जायचा रस्ता लंगरातून होता. माझ्या दीड वर्षाच्या लंगरातून. मी ज्या दारातून ‘सुटलो’ म्हणून बाहेर पडलो, तेच दार होतं.

आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी दैवाने जे केलं ते ऐका. रामसजीवन कोरा कागद घेऊन माझ्यापुढे उभा.

“उस्ताद, हमार लिखावट ख़राब है. लिख दीजिए, हम नहीं जाएँगे. हमार भैंस पंद्रह दिन में ब्याएगी. अम्मा अकेली हैं.”

फौजेत याला अनिच्छेचा कागद म्हणतात. माणसाने लिहून दिलं, की साधारणपणे यादीतलं पुढचं नाव घेतात. पुढचं नाव कोण? यादीत दोनच नावं होती.

माझं मन काय म्हणालं ते खरं सांगायला हवं म्हणून लिहितो. मन म्हणालं, जाधव, लिही. आणि मी लिहिलं. त्याला “फिर से सोच ले” असं एकदाही म्हणालो नाही. आयुष्यात इतक्या सुंदर अक्षरात मी काही लिहिलेलं नाही. ‘मैं अपनी मर्ज़ी से’ खाली रेघसुद्धा ओढली. त्याने सही केली आणि वर माझे आभार मानले. आज चार वर्षं झाली. जळक्या डाळीची मी गोष्ट करून सांगतो, लोक हसतात. त्या आभारांची गोष्ट होत नाही.

कागद घेऊन आम्ही दोघे कर्नल साहेबांसमोर गेलो. मी मुद्दाम बरोबर गेलो होतो, कडक इस्त्रीत. त्यांनी कागद वाचला, अक्षराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“यह आपने लिखा है?”

“जी साहब.”

“आप इसके उस्ताद हैं?”

“जी साहब.”

“रामसजीवन, भैंस के अलावा कोई वजह?”

“नहीं साहब.”

त्यांनी कागदाची चौकोनी घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. “डेढ़ सौ आदमी एक साल घर से बाहर रहेंगे, हवालदार साहब. उनको यही दाल चाहिए. अम्मा और भैंस का इंतज़ाम इसके उस्ताद करेंगे. कोई दिक़्क़त?”

दोघांपैकी एकालाही हवं ते मिळालं नाही. मी म्हणालो, “नहीं साहब.” दुसरं काय म्हणणार? बाहेर आल्यावर रामसजीवन रडवेला झाला होता आणि मीही. आम्हाला लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, काय गुरु-शिष्याचं प्रेम आहे!

त्याचा पासपोर्टचा फॉर्म मी भरला. इंजेक्शनं घ्यायला मी नेलं. सुईला घाबरून त्याने माझा हात असा दाबला की बोटं दोन दिवस सुजली होती. माझी चाकाची बॅग मीच त्याला दिली, आणि ती देताना ऋतुजा खोलीचं दार लावून आत बसली. मग तीन आठवडे मी स्कूटरवरून बख्शी का तालाबपलीकडे जात राहिलो. म्हैस अठराव्या दिवशी व्याली. चाळीस सूप येणारा माणूस गोठ्यात गुडघाभर शेणात उभा राहून रेडकाचे पाय ओढत होता आणि रामसजीवनची अम्मा मला ओरडत होती, “अरे मराठा, ज़ोर लगा! खाना नहीं खाता का?”

उरलेल्या नोकरीत मी एक गोष्ट केली. मेस सोडून लंगरात परत गेलो. सुभेदार मेजर साहेबांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पहिल्या महिन्यात दोनदा डाळ लागली. तिसऱ्या महिन्यात पोरं मान खाली घालून जेवायला लागली. पण तोवर परदेशात जायचं वय माझं नव्हतं आणि यादीही नव्हती.

वर्षाने रामसजीवन परतला. मी तोवर निवृत्तीच्या कागदांना लागलो होतो. कळल्याबरोबर त्याच्या गावी गेलो. तो अंगणात खाटेवर बसला होता, काळवंडलेला, थोडा अंगाने भरलेला. अम्मांनी चहा आणला. माझ्या पोटात बावीस वर्षांचे प्रश्न होते, ते सगळे एकदमच बाहेर पडले. तिथल्या नद्या केवढ्या आहेत रे? लोक कसे आहेत? बाजार कसा असतो? हत्ती मोकळे फिरतात म्हणतात, खरं का? विमानातून समुद्र कसा दिसला? रात्री तारे वेगळे दिसतात? “बोल ना रे! एक पूरा साल! क्या-क्या देखा?”

रामसजीवनने चहाचा घोट घेतला, जरा आठवून पाहिलं आणि म्हणाला, “देखते कब, उस्ताद? डेढ़ सौ आदमी का खाना था.”